सहादूच्या बीटातला पांढरा ठिपका

आमच्या गांगुर्ड्यांना सरकार संशय घेण्याचाच पगार देतं, असं मी शेजारणींना सांगायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. त्यांचे वडील नाशिक रोडच्या छापखान्यात होते. छापून आलेल्या कागदात कुठे शाई फुटली, कुठे रेघ सरकली, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. मुलगा त्यांच्या वरताण निघाला. भाजीत केस सापडला नाही तरी हा माणूस तो शोधत राहायचा. दूधवाल्यानं जरा हसून जयभीम केला, की यांना वाटायचं आज पाणी जास्त घातलंय.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांना या स्वभावाला साजेसं काम मिळालं. जंगलातल्या वणव्यांवर विमानातून नजर ठेवायचा एक प्रयोग तेव्हा नाशकात चालला होता. पहाटे ओझरहून एक लहान विमान उडायचं. त्याच्या पोटातलं यंत्र उजेडाचा नाही, उष्णतेचा फोटो काढायचं. जमीन गार तिथे फिल्म काळी, गरम तिथे पांढरी. आधी एकलहऱ्यावरून एक फेरी व्हायची. वीजकेंद्राच्या चिमण्या फिल्मवर पांढऱ्याफेक आल्या म्हणजे यंत्र ठीक आहे असं समजायचं. मग विमान पश्चिमेच्या डोंगरांवर जायचं, त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा. फिल्म धुऊन जीपनं जेल रोडवरच्या एका भाड्याच्या बंगल्यात यायची. तिथे खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलाशी आमचे गांगुर्डे भिंग घेऊन बसलेले असायचे.

कुठला पांढरा ठिपका वणव्याचा, कुठला वीटभट्टीचा, कुठला नुसता तापलेल्या कातळाचा, हे त्यांनी ठरवायचं आणि नकाशावर खूण करायची. मग वायरलेसवरून त्या बीटाच्या वनरक्षकाला विचारायचं, की अमुक जागी काय आहे? बीट म्हणजे एका रक्षकाच्या वाट्याचं जंगल. त्यानं जाऊन बघायचं आणि उलट कळवायचं. काही नसलं की तो एकच शब्द बोलायचा: निरंक.

पहिल्याच उड्डाणाला मोठी फजिती झाली. प्रयोग चालवणाऱ्या दिल्लीच्या साहेबांनी तारीख ठरवली ती नेमकी होळीच्या दुसऱ्या दिवसाची. आम्ही बौद्ध, आमच्या घरात होळी नाही, त्यामुळे यांच्याही डोक्यात ती आली नाही. फिल्मवर कांजिण्या उठाव्या तसे ठिपके. पाड्यापाड्यावरच्या होळ्यांचे ओंडके धुमसत होते, आणि गांगुर्डे घाम पुसत प्रत्येकाला वणव्याची खूण करत होते. सगळी पश्चिम पट्टी पेटली असा निरोप वर गेला. पेठकडच्या एका जुन्या वनपालानं वायरलेसवर विचारलं म्हणे, "साहेब, पुरणपोळी पोचली नाही का तुमच्याकडं?"

मी पोट धरून हसले. ते मात्र दोन दिवस जेवले नाहीत. साहेबांनी चारचौघांत झाडलं होतं. तेव्हापासून एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. आता असं काहीतरी पकडून दाखवायचं, की लोकांनी होळी विसरावी.

माझी शाळा सकाळची. सुटली की मी त्यांचा डबा घेऊन बंगल्यावर जायचे. एप्रिल लागला तेव्हाची गोष्ट. त्यांनी डबा बाजूला सारला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"हे बघ. काय दिसतंय?"

काळ्याकरड्या सुरकुत्यांत एक धुरकट पांढरा ठिपका होता, घेवड्याच्या दाण्याएवढा.

"वणवा," मी म्हटलं.

"वणवा झगझगीत असतो, त्याला धार असते. आणि दुसऱ्या दिवशी तो जागा बदलतो. हा हलत नाही. गेल्या खेपेलाही इथेच होता." त्यांनी आवाज खाली आणला. "मातीखाली झाकलेली आग अशी दिसते. चोरटी कोळशाची भट्टी आहे ही. नकाशावर तिथे ना वस्ती, ना शेत, ना पाणी. कोरडा ओहोळ आहे नुसता."

"मग कळवा की तिथल्या रक्षकाला."

"कळवलं. निरंक म्हणाला."

"कोण आहे तिथे?"

ते भिंग पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले. "तोरणबारीचं बीट आहे," शेवटी म्हणाले.

तोरणबारीचा वनरक्षक म्हणजे माझा धाकटा भाऊ, सहादू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कित्येक वर्षं रोजंदारीवर वणवा अडवायच्या जाळरेषा कापत, गवत जाळत, त्या पोरानं खाकी कपडे मिळवले होते. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कायमची सरकारी नोकरी लागलेला तो तिसराच. त्याची बायको चतुरा पहिल्या बाळंतपणाला सिन्नरला माहेरी गेली होती. भट्टी त्याच्या बीटात निघाली आणि तो निरंक म्हणाला असेल, तर त्याचा अर्थ शाळेतलं पोरही सांगेल: पैसे खाल्ले. नोकरी तर जाणारच, वर खटला.

"माझा भाऊ चोर आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी ठिपक्याबद्दल बोलतोय," ते म्हणाले. हा माणूस भांडणातसुद्धा भिंग सोडत नाही.

मी तरातरा घरी आले. पण संशय हा असा प्राणी आहे, की दार लावलं तरी आत येतो. जयंतीला सहादू आला, आणि त्यानं पाठीवरून जे पोतं उतरवलं त्यात कोळसा होता. चांगला, टणटणीत, सागाचा कोळसा.

"ताई, घासलेट मिळत नाय म्हनत होती ना? घे, शेगडीला."

"कुठून आणलास रे?"

"मिळाला," तो म्हणाला, आणि बाहेर मिरवणूक बघायला गेला.

मी पोतं मोरीशेजारी ठेवलं. गांगुर्डे त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. तोंडातून एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या कोळशावर मी आठवडाभर स्वयंपाक केला आणि प्रत्येक भाकरी करपवली.

जेवताना सहादूनं आणखी एक विचारलं. विचारलं अगदी सहज, पण ताटाकडे बघून. "दाजी, तुमच्या त्या इमानाला किती बारीक दिसतं?"

"का रे?"

"तसंच आपलं. बैल दिसतो का? मानूस? एखादा खड्डा असला तर?"

"दिसतं सगळं," गांगुर्डे म्हणाले. सगळं दिसत नव्हतं, मला माहीत होतं. पण सहादूचा घास हातात थांबलेला मीही पाहिला. लहानपणी पेरू चोरून आणला की असाच थांबायचा.

पुढच्या दोन उड्डाणांत ठिपका होताच, आणि दोन्ही वेळा वायरलेसवर सहादूचा आवाज आला: निरंक. तिकडचा एक नियम होता. तीनदा निरंक आलं आणि ठिपका तसाच राहिला, की बाब फिरत्या पथकाकडे जायची. पथक म्हणजे जीप, शिपाई आणि पंचनामा. मी त्या दिवशी त्यांचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले.

"पथकाला कळवू नका. आधी आपण जाऊन बघू. रविवारी. मी त्याच्या तोंडून काढून घेते. भट्टी असली तर मोडायला लावू, आणि आपला आपण विषय संपवू."

मला वाटलं होतं हे नियम सांगतील. तर थोडं थांबून म्हणाले, "चालेल. रविवारी जाऊ." इतक्या लवकर हा माणूस कधी कशाला हो म्हणत नाही. लग्नाला हो म्हणायलाही यांनी दोन महिने घेतले होते. पण मी इतकी सुटल्यासारखी झाले होते, की ते मनाला शिवलं नाही.

रविवारी पहिल्या एसटीनं त्र्यंबक, तिथून हरसूलची गाडी, मग फाट्यावर उतरून पायी. सहादू आम्हाला बघून हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्याची खोली एका टोकाला, पलीकडे तोरणबारीचा पाडा. वाटेवर एक म्हातारी शेणी थापत होती. तिनं हाक मारली, "सहादूदादा, बहीन आली का रे? दूध देऊ का चहाला?" ही आक्काबाई. पाड्यावर तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही, असं सहादूनं सांगितलं. ती दूध घेऊन आली आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली. एवढी माया कुणी भट्टीवाल्याच्या भागीदारावर करेल का, असं मला वाटलं. लगेच उलटंही वाटलं, की करेलच. सगळा पाडाच सामील असेल.

चहा झाल्यावर गांगुर्डे उठले. "जरा डोंगर फिरून येऊ."

"कशाला दाजी? ऊन लय हाय."

"बसून अंग आखडलंय."

त्यांनी वाट विचारली नाही. नकाशा त्यांच्या डोक्यात होता. पाड्याला वळसा घालून ते सरळ चढणीला लागले, आणि सहादू त्यांच्या पुढेमागे करायला लागला.

"तिकडं नका जाऊ. कुसळं हायेत नुसती."

"असू देत."

"वरच्या अंगाला चला की, तिथून लांबवर दिसतं."

"मला जवळचं बघायचंय," गांगुर्डे म्हणाले.

सहादूनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. माझी खात्रीच पटली होती. चढताना मी मनाशी घोकत होते, की भट्टी दिसली की आधी त्याच्या एक मुस्काटात द्यायची आणि मग यांच्यापुढे हात जोडायचे. चतुराच्या पोटातल्या बाळाची शपथ घालायची. गांगुर्डे मधूनमधून थांबून घड्याळ बघत होते. मला वाटलं परतीच्या गाडीची काळजी असेल.

दोन टेकाडांच्या बेचक्यात झाडी दाट झाली. वास आला तो धुराचा नव्हता, ओल्या मातीचा होता. गांगुर्डे फांद्या सारून पुढे झाले आणि उभेच राहिले.

खाली पाणी होतं.

फार नव्हे, मोठ्या अंगणाएवढं, पण एप्रिलच्या अखेरीला निवळशंख. ओहोळाच्या तोंडाशी दगडमातीचा कंबरेएवढा बांध घातलेला होता. वरच्या कपारीतून झरा बोटाएवढा येत होता. काठावर दोनतीन बाया हंडे भरत होत्या. आम्हाला बघून त्या दचकल्या आणि सहादूकडे बघायला लागल्या.

गांगुर्डे खाली बसले. पाण्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. "पाणी," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलायला लागले. "पहाटे जमीन निवते, पाणी लवकर निवत नाही. म्हणून पाणी पांढरं दिसतं. गंगापूरचं धरण मी दर फिल्मवर पांढरंच बघतो. नकाशावर इथे पाणी नाही, म्हणून मी... वत्सला, भट्टी नाही गं. पाणी आहे."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून धारा लागल्या. मी सहादूच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, मग निरंक काय म्हणत होतास? सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

त्यानं सांगितलं. खालच्या अंगाला पूर्वी पाण्याचा एक झिरा होता. आधीच्या रक्षकानं तो वर कळवला. पुढच्याच वर्षी रस्त्याच्या ठेकेदारानं तिथे पाणी उपसायला इंजिन बसवलं, आणि झिरा जो आटला तो आटलाच. पाड्यातल्या बाया दोन डोंगर ओलांडून पाणी आणायला लागल्या. मग आक्काबाईनं ही जागा दाखवली. पाड्यानं आणि सहादूनं मिळून बांध घातला. अट एकच, कुठे बोलायचं नाही.

"आन् त्याच्या बदल्यात ताई, कुठं धूर दिसला की अख्खा पाडा माझ्यासंगं येतो. ओली पोती, हंडे, डहाळ्या घेऊन. बाया, म्हातारी, समदी. दोन उन्हाळे झाले, माझ्या बीटात काडी जळली नाय. तो कोळसा बी त्यांचाच. जाळरेषेवरच्या जळक्या बुंध्यांचा. ताईला ने म्हनली आक्काबाई. तो बी सरकारीच म्हनतील, म्हनून बोललो नाय."

मला त्याच्याकडे बघवेना. भावाला मनातल्या मनात चोर ठरवून मी भाकऱ्या करपवत बसले होते. मी गांगुर्ड्यांकडे वळले, म्हटलं आता तरी मोकळं हसतील. ते हसत नव्हते. ते घड्याळाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मागे झाडीत शिट्टी वाजली. खाकी कपड्यातली माणसं खाली उतरत होती, आणि त्यांच्या पुढे पथकाचे साहेब.

तेव्हा मला सगळं कळलं. रविवारी जाऊ, एवढ्या लवकर हो, ते घड्याळ. बहीण आणि दाजी सहज भेटीला आले म्हटल्यावर सहादू बेसावध राहील, भट्टी हलवणार नाही, आणि पाठोपाठ पथक येईल. मला यांनी शेळीसारखं दाव्याला बांधून पुढे चालवलं होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, पुढेही आला नाही.

"कुठाय भट्टी, गांगुर्डे?" साहेबांनी विचारलं.

"भट्टी नाही साहेब. माझं वाचन चुकलं. पाणी आहे हे."

साहेब दमलेले होते, घामानं निथळत होते. माणूस वाईट वाटत नव्हता. पण त्यांनी बांध पाहिला. "हा कोणी घातला?"

बायांनी हंडे उचलून कडेवर घेतले.

"राखीव जंगलात दगड हलवायला परवानगी लागते. रक्षकाच्या डोळ्यांदेखत बांध उभा राहतो, आणि रक्षक वायरलेसवर तीनदा निरंक सांगतो?" ते सहादूकडे वळले. "भट्टी सापडली असती तर बरं झालं असतं. आता जीप आणि माणसं कशाला नेली होती म्हणून वर विचारतील, तर मी काय सांगू? तळं बघून आलो म्हणू?"

गांगुर्डे मध्ये पडले. "साहेब, वणवा विझवायला हेच पाणी..."

"तुम्ही फिल्म बघा," साहेब म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. मग आवाज उतरवून, अगदी समजुतीनं बोलले. "हे बघ, बायको बाळंत व्हायचीय ना तुझी? तुझं वाटोळं करायची मला हौस नाही. बांध तुझ्या हातानं फोड, आत्ता, माझ्यासमोर. मी लिहितो, अनधिकृत बांध आढळला, वनरक्षकानं स्वतः काढून टाकला. नोकरी राहील. नाहीतर उद्या निलंबन, आणि बांध आम्ही फोडूच."

एका शिपायानं पहार पुढे केली. सहादूनं ती घेतली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मोठी बहीण, आई गेल्यापासून तो असाच माझ्याकडे बघून ठरवायचा. मी काय बोलणार होते? माझ्या डोळ्यांसमोर चतुराचं पोट होतं. मी मान हलवली. घे म्हणून.

तेवढ्यात आक्काबाई खाली उतरली. कोणीतरी पाड्यावर कळवलं असावं, मागे बायांची रांग होती. तिनं साहेबांना पाहिलं, पहार पाहिली, आणि सहादूला म्हणाली, "फोडतोस?"

सहादूनं पहारेकडे पाहिलं.

"फोड. पन आदी आमचं हंडं भरू दे."

साहेब थांबले. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हे मी नाकारणार नाही. बाया हंडे, कळशा, डबे, मिळेल ते घेऊन येत राहिल्या, भरून जात राहिल्या. कोणी रडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. सगळी भांडी भरली तेव्हा सहादूनं पहार घेतली. पहिला दगड निघायला वेळ लागला. मग बाकीचे आपोआप सुटले, आणि पाणी उतारावरून पाचोळा ढकलत खाली निघून गेलं.

आक्काबाई शेवटपर्यंत काठावर उभी होती. जाताना म्हणाली, "येते गारडसायेब." सकाळी ती त्याला सहादूदादा म्हणत होती.

परतीच्या गाडीत मी यांच्या शेजारी बसले नाही. घरी आल्यावर मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पथकाला मी कळवलं, ते तुझ्या भावाच्या भल्यासाठीच. उद्या कोणी बोट दाखवलं असतं तर? साक्षीदारांसमोर सिद्ध झालं की भट्टी नाही. त्याची नोकरी वाचली." त्यांना ते खरंच वाटत होतं. हेच वाईट होतं. लबाड माणसाशी निदान भांडता येतं.

"तुम्हाला तो चोर वाटत होता," मी म्हटलं.

"तुलाही वाटत होता," ते म्हणाले.

मी आठ दिवस अबोला धरला. पुढच्या उड्डाणाची फिल्म आली तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, की तोरणबारीचा ठिपका गेला. मी त्यांना आमटी वाढली.

मे महिन्याच्या मध्याला, एका सकाळी, फिल्म टेबलावर पसरताच त्यांना तो दिसला. या वेळी शंकेला जागाच नव्हती. झगझगीत, धारदार, कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला, आणि त्याचं तोंड पूर्वेकडे. तोरणबारीच्या वरचा डोंगर. कोणाच्या विडीनं पेटला की कशानं, कोण जाणे. यांनी एका झटक्यात खूण केली, वाऱ्याची दिशा बघितली, वणवा कुठल्या धारेनं उतरेल तेही सांगितलं, आणि वायरलेसवर सहादूला गाठलं. तेव्हा त्याच्या खोलीतून धूरही दिसत नव्हता. इतक्या लवकर, इतकं अचूक, आजवर कधीच जमलं नव्हतं. दिल्लीच्या साहेबांनी पाठ थोपटली. असंच व्हायला हवं म्हणून तर हा सगळा खटाटोप मांडला होता, असं म्हणाले.

डोंगर दोन दिवस जळला. पार कड्यापर्यंत गेला आणि पुढे जळायला काही उरलं नाही म्हणून थांबला.

सहादू दवाखान्यात होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, भुवया गेलेल्या. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही. आम्ही दोघं गेलो. मी त्याच्या उशाशी बसले, गांगुर्डे पायाशी उभे राहिले. मग त्यांना राहवलं नाही.

"वेळेवर कळवलं होतं रे मी तुला. या वेळी वाचन चुकलं नव्हतं."

"व्हय दाजी. बरोब्बर होतं. तुम्ही म्हनला त्याच धारेनं उतरला."

"मग एकटा कशाला गेलास? पाड्यातली माणसं का नाही नेलीस?"

सहादू छताकडे बघत होता. उत्तर त्यानं यांना दिलं नाही, मला दिलं.

"गेलो होतो ताई. पहिल्यांदा पाड्यावरच पळालो. वनवा आला, चला म्हनून वरडलो. समदी घरातच होती. कोन भाताचं बी निवडत होतं, कोन बसलं होतं. कोनी उठलं नाय. मी एकेकाच्या दारात गेलो. मंग आक्काबाई भाईर आली. म्हनली, 'तुजी नोकरी ऱ्हायली ना, गारडसायेब? मंग जा. नोकरी कर.'"

मी सहादूच्या कपाळावरून हात फिरवत होते, तो तसाच फिरवत राहिले.

"तांब्याभर पानी दिलं मातर तिनं," सहादू म्हणाला. "दोन डोंगरांपलीकडून आनलेलं. मी प्यालो ताई. तहान लय लागली होती."